नऊशे बासष्ट दलघमीची चोरी

१

सहायक फौजदार इंदुताई खोब्रागडे यांच्या नोकरीत आजवर कोंबड्या चोरीला गेल्या होत्या, सायकली गेल्या होत्या, सागाचे ओंडके गेले होते, आणि एकदा आलापल्लीकडच्या एका लग्नात खुद्द नवरदेव गेला होता. पण तलाव चोरीला गेल्याची तक्रार भुरकंडी ठाण्यात पहिल्यांदाच आली.

तक्रारदार समोर उभा होता. राजदीप साळुंखे, पाण्याच्या खात्यातले शाखा अभियंता. मूळचे साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. शर्टाची इस्त्री अजून गडचिरोली जिल्ह्याच्या हवेला शरण गेली नव्हती.

"येरंडबोडीच्या मामा तलावातून पाणी चोरीला गेलंय, मॅडम," ते म्हणाले. "नऊशे बासष्ट पूर्णांक पंच्याहत्तर दलघमी."

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. सरकारी कागदावर एवढं लांब नाव मावेना, म्हणून कुणीतरी त्याचा मामा केला. तेव्हापासून मामाच्या घरातून भाच्यानं काही उचललं तर ती चोरी धरत नाहीत, असा आजूबाजूच्या गावांचा पक्का समज होऊन बसला होता.

"दलघमी म्हणजे काय जी?" इंदुताईंनी विचारलं.

"दशलक्ष घनमीटर."

"म्हणजे किती?"

राजदीप साळुंख्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "म्हणजे खूप, मॅडम. आमच्या साताऱ्यात शेंबडं पोरसुद्धा धरणात आज किती टीएमसी आहे ते सांगतं. इथं लोकांना पाण्याचं मापच माहीत नाही. कागदपत्रांत तर काय गोंधळ आहे! आधीच्या साहेबांना धड टायपिंग येत नव्हतं. मी आल्यापासून एकेक चूक दुरुस्त करतोय. ते करता करताच ही चोरी उघडकीला आली."

"आन् चोर?"

साहेबांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं बाकावर देवाजी कुमरे बसला होता. तलावाचा पाटकरी. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी पाणी सोडायचं ते बघणारा, आणि येरंडबोडीत गेली वीस-बावीस वर्षं सगळ्यांच्या शिव्या सारख्या मापानं खाणारा माणूस.

"तुडुमची चावी याच्याकडेच असते," साहेब म्हणाले. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पोटातल्या पाणी सोडायच्या दाराला या भागात तुडुम म्हणतात. हा एवढा एक शब्द त्यांनी उचलला होता. "म्हणून मी तुडुम सील केलंय. उरलेलं पाणी हा पुरावा आहे. चौकशी संपेपर्यंत दार उघडणार नाही."

आता मात्र इंदुताई खुर्चीतून उठल्या. त्या बांधीतल्या चिखलातूनच पोलिसात आल्या होत्या.

"साहेब, धान पोटरीवर हाये. या आठवड्यात शेवटचं पाणी नाई भेटलं तर लोंबी निघन, पण दाणा नाई भरत. निस्तं फोल. गावाचं सालभराचं खाणं हाये ते."

"मला वाईट वाटतं," राजदीप साळुंखे म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण नऊशे बासष्ट दलघमीचा प्रश्न आहे."

इंदुताईंनी तो आकडा कागदावर उतरवायला घेतला. तेवढ्यात कोपऱ्यातून देवाजीचा आवाज आला.

"बाई, पाणी मी नाई चोरलो. पण मी सीएमले हटवलो, हे खरं हाये."

२

इंदुताईंनी आधी ठाण्याचं दार लावलं, मग खिडकी, आणि मग पंखाही बंद केला. पंख्याचा दोष काही नव्हता. पण असं वाक्य ऐकल्यावर माणूस जे हाताशी येईल ते बंद करतो. साळुंखेसाहेब तोवर जीप बघायला बाहेर गेले होते.

"काय म्हणलास?"

"सीएमले हटवलो," देवाजी शांतपणे म्हणाला. "एकटाच होतो. पाच मिनिटं लागले."

"कुठून हटवलास?"

"तलावावरून जी."

"सीएम तलावावर कायले येतीन?"

"मलेबी तेच वाटे. आमच्या तलावावर सीएम कायले पाह्यजे? पण होते बापा. लय दिवसाचे होते. पावसानं थोडे फिके पडले होते."

कोंबडीचोर कसा बोलतो हे इंदुताईंना ठाऊक होतं, लाकूडचोर कसा बोलतो हे ठाऊक होतं. पण इतका मोठा कट रचून इतक्या निवांतपणे बसलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"तुले कोणी सांगतलं हे कराले?"

देवाजीनं मान खाली घातली. "मोठ्या माणसाचं नाव नाई घेत जी मी. नोकरी हाये माही."

"अबे, कुणाचा फोटो फाडलास? बॅनर होता काय?"

"फोटो कायचा? मी त कोणाचा फोटो नाई पाह्यलो."

इंदुताईंनी आपली डायरी उघडली, त्यात 'सीएम' असं लिहिलं, पुढं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि डायरी मिटली. आपण लिहिलेलं वरच्यांपैकी कुणी वाचलं तर काय होईल या विचारानं पुन्हा उघडली आणि ते पान खोडलं.

वरून फोन आला. मोठ्या साहेबांना नऊशे बासष्ट दलघमीची बातमी लागली होती. "इंदुबाई," ते म्हणाले, "एवढं पाणी गेलं कुठी? मले गडचिरोलीत काही ओलं दिसत नाई." हाही प्रश्न इंदुताईंनी मनाशी नोंदवून ठेवला. तपासात आतापर्यंत निघालेला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

देवाजीला त्यांनी जीपमध्ये घातलं, शेजारी साळुंखेसाहेबांना बसवलं आणि येरंडबोडीचा रस्ता धरला. गाव जवळ आलं तसा दोन्ही बाजूंना धान दिसू लागला. बांधीतला चिखल भेगाळायला लागला होता. लोंबी पोटात धरलेल्या पोटऱ्या फुगलेल्या होत्या, पिवळट पडलेल्या, जणू बाळंतपणाच्या घटकेला कुणी घराला कुलूप लावून गेलं असावं.

तलावाची पाळ चढून इंदुताई वर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

तलाव तिथंच होता.

३

तलाव तिथंच होता आणि त्यात पाणीही होतं. अर्ध्याच्या वर होतं. कमळाची पानं होती, म्हशी होत्या, एका म्हशीच्या पाठीवर बगळा होता. चोरी झालेल्या जागेवर इतकी शांतता इंदुताईंनी पाहिली नव्हती.

"बघा," राजदीप साळुंखे हळहळून म्हणाले. "केवढा तलाव, आणि काय उरलंय त्यात."

"साहेब, तलाव तं एवढाच हाये. या पाळीपासून त्या टेकडीपावतर."

"छे. टेकडीच्या मागं पण असणार."

"टेकडीच्या मागं आमच्या चामोर्शीवाल्या जावयाची बहीण राह्यते," देवाजी म्हणाला. "तलाव नाई."

साहेबांनी ऐकलं नाही. ते तुडुमवरचं सील ठीक आहे का ते पाहत होते. लोखंडी चाकाला साखळी, साखळीला लाख, आणि त्यावर कागद डकवलेला: '३४ टीएमसी साठवण क्षमतेच्या मामा तलावाचे तुडुम पुढील आदेशापर्यंत बंद.' शेजारी खात्याची जुनी पत्र्याची पाटी उभी होती. तिच्यावरही तेच होतं: साठवण क्षमता ३४ टीएमसी. पाटी उन्हापावसानं विटली होती. 'टी' कसाबसा वाचता येत होता. 'एमसी' मात्र काल लिहिल्यासारखं काळंकुळकुळीत होतं. इंदुताईंच्या नजरेला ते खुपलं, पण तेव्हा त्या फाटलेला बॅनर शोधत होत्या. आसपास एकही बॅनर नव्हता. खिळाही नव्हता.

गाव पाळीवर जमलं. इंदुताईंनी चोरीचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. दलघमी म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. पण आकडा लांब होता, त्यात दशांश होता, आणि दशांशाला माणूस घाबरतोच. गाव हबकून गेलं. बायांनी तोंडावर पदर घेतला. मग एकेक जण बाजूला येऊन इंदुताईंच्या कानाशी लागू लागला.

पहिला आला चैतू नान्हे. ढिवरांच्या सोसायटीचा अध्यक्ष; तलावातली मासोळी त्यांची.

"बाई, तुमच्यापाशी कायले लपवू? पाणी छातीभर राह्यलं की जाळं खाली लागत नाई. कमरेभर पाह्यजे. म्हून तुडुमच्या फटीत पाना घालून मी दार थोडं उचललो. तीन रात्री. पण मले वाटलं, टोंगळ्याभरच तं गेलं. त्याचं एवढं होते, हे मले मालूम असतं तं मी घोट्याभरावर थांबलो असतो."

त्याच्या पाठोपाठ सुनिल बोरकुटे आला. त्याची बांधी तलावाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाटाचं पाणी जिथं चढत नाही तिथं. "मी मोटर लावलो, बाई. तीन हॉर्सपॉवरची. झाकून ठेवतो मी तिले तणसात. या हंगामात साठ-पासष्ट तास चालली असन. लाईन राह्यली तं अजून चालली असती, पण आपली लाईन काय राह्यते? लाईनवाल्याईचे उपकार म्हणा, नाईतं गुन्हा अजून मोठा झाला असता."

मग वीटभट्टीचा निकेश चौधरी. तो जरा रुबाबात आला, पण कानाजवळ आल्यावर रुबाब उतरला. "शंभरेक टँकर नेलो. पाच हजार लिटरचा टँकर हाये माहा. पण मी त गाळ काढून राह्यलो असं सांगत होतो लोकाईले."

"गाळ काढलास काय?"

"पाण्यात होता ना थोडा."

एका चोराला धरायला आलेल्या पोलिसाला तीन चोर फुकटात मिळाले होते, आणि तिघंही रडवेले. शेवटी देवाजीची बायको कांता पुढं आली. ती मात्र कानाशी आली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी उभी राहिली.

"बाई, मले एक सांगा. हे दलघमी म्हंते ते किती गुंड होते?"

गुंड म्हणजे बायका डोक्यावर वाहतात तो पितळी हंडा. सगळ्यांच्या माना साळुंखेसाहेबांकडे वळल्या. त्यांनी मोबाईल काढला. "एक गुंड साधारण वीस लिटर धरू. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. म्हणजे पाच कोटी गुंड. आणि एकूण चोरी..." त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दाबलं. "चार हजार आठशे तेरा कोटी पंच्याहत्तर लाख गुंड."

पाण्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली.

"तं मंग सोडा माह्या नवऱ्याले," कांता म्हणाली. "घरी पाणी मी भरते. ह्या माणसाले एक गुंड आणाले सांगतलं, तं कंबर धरून बसते. हा चार हजार कोटी कुठून उचलते?"

४

तपासात इतकी ठोस साक्ष इंदुताईंनी फार थोड्या वेळा ऐकली होती. कायद्याच्या पुस्तकात कमरेच्या दुखण्याला फारशी किंमत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण डोक्यात काहीतरी कुरतडायला लागलं होतं. त्या पाळीवर पळसाच्या सावलीत बसल्या. साळुंखेसाहेबांना शेजारी बसवलं.

"साहेब, तुमचं गणित चांगलं हाये. एक काम करा. तिघाईची चोरी एका मापात आणा."

हे काम साहेबांना आवडलं. त्यांनी तुडुमच्या दाराची रुंदी विचारली, ते किती उचललं होतं ते चैतूच्या बोटांवरून मोजलं, सुनिलच्या मोटरीचं तोंड पाहिलं, निकेशचा टँकर डोळ्यांसमोर आणला. चैतूच्या तीन रात्री दहा लाख लिटरच्या झाल्या. सुनिलचे तास वीस लाख लिटरचे. निकेशचे टँकर पाच लाखांचे.

"पस्तीस लाख लिटर," साहेब म्हणाले. "बापरे."

"दलघमीत किती?"

"शून्य पूर्णांक शून्य शून्य तीन पाच."

"आन् चोरी कितीची झाली?"

"नऊशे बासष्ट पूर्णांक..." साहेबांचा आवाज बारीक झाला.

"म्हंजे गावातल्या साऱ्या चोराईनं मिळून, एका हंगामात एवढं चोरलं. सारी चोरी पुरी कराले किती हंगाम लागतीन?"

साहेबांनी भागाकार केला. मग मोबाईल उलटा ठेवला, जणू त्यात काही अभद्र दिसलं असावं.

"पावणेतीन लाख वर्षं."

चोरी पावणेतीन लाख वर्षांपूर्वी सुरू झालेली असली तर देवाजीला त्यात अडकवणं अवघड होतं; त्याची नेमणूक बरीच अलीकडची होती.

"आन् नऊशे बासष्ट म्हंजे कोणत्या धरणाएवढं? आपल्या इकडचं सांगा."

"गोसेखुर्दच्या... जवळपास." साहेबांनी कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. "थोडं कमी."

"म्हंजे गोसेखुर्दएवढं पाणी येरंडबोडीच्या तुडुमातून निघालं, पाटानं गेलं, आन् कांताच्या अंगणात चिखल नाई झाला. मोठे साहेब फोनवर तेच पुसत होते. गडचिरोलीत काही ओलं काऊन नाई."

राजदीप साळुंख्यांच्या शर्टाची इस्त्री एकदम मोडली, असं इंदुताईंना वाटलं.

"साहेब, मी तीस वर्षं चोर पाहून राह्यली. चोर कशात मोजते, त्यावरून तो कोण हाये ते कळते. ढिवर पाणी अंगावर मोजते, टोंगळा, कंबर, छाती. मोटरवाला तासात मोजते. भट्टीवाला टँकरात. कांता गुंडात. इथी आल्यापासून मी साऱ्याईले बोलती केली. टीएमसी कोणाच्या तोंडात नाई. पण तुडुमवरच्या कागदावर टीएमसी हाये, पाटीवर टीएमसी हाये. आन् सकाळपासून टीएमसी म्हणणारा एकच माणूस मले भेटला हाये."

"मी?" साळुंखेसाहेब उभे राहिले. "मॅडम, तुम्ही माझ्यावर पाणी चोरल्याचा आरोप करताय?"

"नाई जी. पाणी नाई." इंदुताई उठल्या, वर्दीला लागलेलं गवत झटकलं आणि पाटीकडे चालू लागल्या. "देवाजी, इकडं ये. मले दाखव, सीएम कुठी होते."

५

देवाजी पाटीसमोर उभा राहिला आणि त्यानं त्या काळ्याकुळकुळीत अक्षरांवर बोट ठेवलं.

"इथी."

इंदुताईंनी निकेशच्या टँकरमधून डिझेल मागवलं, रुमाल भिजवला आणि 'एमसी' घासायला सुरुवात केली. नवा रंग स्वस्तातला होता, लगेच उतरला. खालून जुना, फिका पडलेला निळा रंग वर आला. पाळीवरचं गाव पुढं सरकलं. सगळ्यांनी एकदमच वाचलं.

'३४ टीसीएम.'

"हे पाहा," देवाजी म्हणाला. "टीच्या पुढं सीएम. मी म्हणलो नाई? साहेबानं सांगतलं, अक्षरं उलटी झाली हायेत, आधीच्यानं चूक केली, वरून रंग मारून नीट लिही. मी तसंच केलो. मले वाटलं, तलावावर सीएमचं नाव चालत नसन. सरकारी गोष्ट. आपण कायले पुसाचं?"

इंदुताईंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की रुमाल हातातून पडला. मग त्या राजदीप साळुंख्यांकडे वळल्या. साहेबांचा चेहरा पाटीच्या जुन्या रंगाइतकाच फिका झाला होता.

"टीसीएम म्हंजे काय असते साहेब?"

"थाउजंड क्युबिक मीटर," साहेब पुटपुटले. "सहस्र घनमीटर. छोट्या तलावांचं माप." ते पाटीसमोर मटकन खाली बसले. "आमच्याकडं हे कुणी बोलतच नाही. लहानपणापासून एकच ऐकलंय, टीएमसी. मला वाटलं, टायपिंगची चूक. तिकडं हजार घनमीटर पाणी कोण मोजतो? तेवढं तर..."

"तेवढ्यात इथी धान होते," कांता म्हणाली.

"करा गणित," इंदुताई म्हणाल्या. "आता बरोबर करा."

साहेबांनी जमिनीवर काडीनं केलं. मोबाईलवरचा विश्वास उडाला असावा. एक टीएमसी म्हणजे सव्वाअठ्ठावीस दलघमीच्या वर. एक टीसीएम म्हणजे दलघमीचा हजारावा भाग. चौतीस टीएमसी म्हणजे गोसेखुर्दच्या खालोखाल. चौतीस टीसीएम म्हणजे येरंडबोडी. दोन अक्षरांची जागा बदलली, तर तलाव अठ्ठावीस हजार पटीनं फुगला, आणि फुगलेलं सगळं पाणी देवाजीच्या नावावर चढलं.

"पूर्ण भरला तर तीन कोटी चाळीस लाख लिटर," साहेब मान खाली घालून सांगत होते. "आज दोन कोटी आहे. गेलं ते एक कोटी चाळीस लाख. त्यातलं पस्तीस लाख..." त्यांनी चैतू, सुनिल आणि निकेशकडे पाहिलं. तिघंही एकमेकांच्या मागं लपायच्या प्रयत्नात होते, आणि तिघांना एकाच वेळी ते जमत नव्हतं.

"बाकीचं देवाजीनं रोवण्याले, रोपं लावाच्या वेळी, साऱ्याईच्या बांधीत सोडलं," इंदुताई म्हणाल्या. "साऱ्याईनं पाह्यलं, साऱ्याईनं शिव्या दिल्या. उरलं ते ऊन पिऊन गेलं. उन्हावर गुन्हा दाखल कराची सोय आपल्याकडं नाई."

गाव हसलं नाही. हसण्याच्या आधी सगळ्यांच्या नजरा तुडुमवरच्या साखळीकडे गेल्या होत्या. खाली बांध्यांमध्ये पोटऱ्या उन्हात उभ्या होत्या.

"मंग उघडा ना जी दार," सुनिल म्हणाला.

"उघडता येणार नाही," राजदीप साळुंखे म्हणाले. त्यांचा स्वर आता रडवेला होता. "आदेश वरून मंजूर झालाय. तो रद्द करायला मला शुद्धिपत्रक काढावं लागेल. ते गडचिरोलीला जाईल, तिथून नागपूरला. परत येईपर्यंत..."

"धान पाखरंबी नाई खातीन," कांतानं वाक्य पुरं केलं. "फोल कोण खाते?"

इंदुताईंनी साखळीवरचा कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरची सकाळपासूनची भीती गेली आणि तिथं एक अतिशय सरकारी भाव आला.

"साहेब, हा आदेश कोणत्या तलावाचा हाये?"

"या... चौतीस टीएमसी क्षमतेच्या मामा तलावाचा."

"आन् हा तलाव कितीचा?"

"चौतीस टी... सीएम."

"मंग हे सील इथी काऊन लावलं?"

साहेबांनी पुढं होऊन कागद स्वतः पुन्हा वाचला.

"मी पंचनामा करून राह्यली," इंदुताई म्हणाल्या. आवाज ठाण्यातला, धारदार. "चौतीस टीएमसीचा मामा तलाव भुरकंडी ठाण्याच्या हद्दीत कुठीच आढळून आला नाई. टेकडीच्या मागंबी पाह्यलं, तिथी चामोर्शीवाल्याची बहीण राह्यते. सबब, त्याचं सील चुकून दुसऱ्या तलावाले लागलं हाये. ते काढून जपून ठेवावं. तो तलाव सापडला की तिथी लावता येईन. चैतू, सुनिल, पंच म्हून सही करा. निकेश, तूबी."

तिघांनी इतक्या उत्साहानं सह्या केल्या की निकेशच्या हातून कागद फाटता फाटता राहिला.

राजदीप साळुंख्यांनी सीलकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, खालच्या धानाकडे पाहिलं. मग त्यांनी जीपमधून कटर आणलं आणि साखळी स्वतःच्या हातानं तोडली. "माझीच आहे," ते म्हणाले. "लाखही माझीच."

देवाजीनं चावी फिरवली. तुडुमच्या पोटातून आधी एक उचकी आली, मग गढूळ पाण्याची जीभ बाहेर आली, आणि मग पाणी पाटात असं शिरलं जसा बऱ्याच दिवसांनी घरी आलेला माणूस काही न विचारता चुलीपाशी जाऊन बसतो. कांता पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत गेली, आपल्या बांधीपर्यंत. तिथं ती उभी राहिली आणि पाणी भेगांमध्ये उतरताना पाहत राहिली. तेव्हा कुठं गाव हसलं.

चैतू इंदुताईंजवळ आला. डोक्यावरचा दुपट्टा हातात घेतलेला.

"बाई, आम्ही तुमच्यापाशी जे बोललो, त्याचं काय होते जी?"

"तुमची चोरी चौतीस टीएमसीच्या तलावातली हाये," इंदुताई म्हणाल्या. "तो तलाव सापडला की बोलावते. तवरिक हा पाट साफ करा. तिघंई. शेवटच्या बांधीपावतर. कांता पाहीन आन् मले सांगन."

जीप निघायच्या आधी राजदीप साळुंख्यांनी देवाजीच्या हातात रंगाचा डबा दिला. "पाटी पुन्हा लिहायची आहे," ते ओशाळून म्हणाले. "पहिल्यासारखी."

देवाजीनं कुंचला बुडवला आणि तो तसाच धरून राहिला.

"पुन्हा सीएमले आणाचं काय जी? एकडाव हटवलो तं चार हजार कोटी गुंड माह्या अंगावर आले."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग तुम्हाला समजेल असं लिहा."

देवाजीनं पाण्याकडे पाहिलं, मग धानाकडे, मग पाटातलं बेशरमीचं झुडूप उपटत असलेल्या निकेशकडे. जीप टेकडीच्या वळणावर पोचली तेव्हा इंदुताईंनी मागं वळून पाहिलं. पाटी ओली होती आणि अक्षरं लांबूनही वाचता येत होती.

साठवण क्षमता: एक रोवणा, दोन पाणी आन् थोडी चोरी.